चिंचोक्यांचं पाणी

होळी उलटली की नगरला एक वारा सुटतो. सकाळी तो गार लागतो आणि दहाच्या आत तोंड फिरवायला लावतो. मागच्या कडुनिंबाची वाळकी पानं अंगणात गोळा होतात, झाडून टाकली तरी तासाभरात परत येतात. नळाला पाणी एक दिवसाआड यायला लागतं. मग गल्लीतले लोक बादल्या घेऊन कोपऱ्यावरच्या हातपंपाकडे निघतात. पंप जुना आहे. दांडा खाली जाताना कुरकुरतो, वर येताना ठक्क करतो आणि पाणी द्यायच्या आधी पाच-सहा वेळा नुसतीच हवा ओकतो. दारात खुर्ची टाकून मी तो आवाज ऐकत बसते. आतला कुठला भाग झिजलाय ते मला आवाजावरून कळतं. शेजारच्या सुनेने एकदा विचारलं, "काकू, तुम्ही तर शाळेत गणित शिकवायचात. पंपातलं कसं कळतं तुम्हाला?"

"एका उन्हाळ्यात शिकले," मी म्हटलं. पुढचं सांगायला तिला वेळ नव्हता. बादली भरायची होती.

तो उन्हाळा त्र्याहत्तरचा. आदल्या वर्षीचा पाऊस आलाच नव्हता, त्याच्या आदल्या वर्षीचाही येऊन न आल्यासारखाच होता. पारनेरच्या पठारावर मैलन् मैल हिरवं काही दिसत नसे. दिसायची ती माणसं, रस्त्याच्या कडेला ओळीने बसलेली, डोक्याला फडकी बांधून दुष्काळी कामावर खडी फोडणारी. हातोड्यांचा आवाज दुरून पावसासारखा वाटे, आणि तसा वाटला की माझाच मला राग येई. घराघरांत रेशनवर आलेल्या मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, लाल भाकऱ्या होत असत. त्या गार झाल्या की मोडताना कडकन आवाज यायचा. कामावरच्या मुलांना गोड पिठाची सुकडी मिळायची. तिचा गोडसर, भाजलेला वास दुपारभर रस्त्यावर तरंगायचा. आजही कुठे पीठ भाजल्याचा वास आला की माझ्या डोळ्यांपुढे ती पांढरी धूळ उभी राहते.

मी बावीस वर्षांची होते. गणितात बी.एस्सी. झाले होते आणि घरी माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. तेवढ्यात पुण्याच्या एका संस्थेची जाहिरात दिसली. गावात राहून नोंदी लिहिणारं माणूस हवं होतं. वडील नको म्हणाले. मी ट्रंक भरली. गावाचं नाव इथे लिहीत नाही. त्या गावासारखी गावं तेव्हा पुष्कळ होती. तिथल्या शाळामास्तरांच्या घरी, त्यांच्या बायकोच्या सोबतीने, मी चार महिने राहिले.

संस्थेचे सर इंजिनियर होते. बारीक, चष्मेवाले, खादीचा शर्ट घालणारे. ते शाळेच्या खोलीत सतरंजीवर झोपत, गावातलंच पाणी पीत आणि तक्रार करत नसत. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे मी त्यांच्याशी भांडले. त्या वर्षी गावोगाव खडकात बोअर घेणारी यंत्रं फिरत होती. खोल भोकं पाडून त्यांवर हातपंप बसवले जात होते. पंप बसत आणि महिन्या-दोन महिन्यांत बंद पडत. सरांचा प्रश्न सरळ होता. पंप चांगला, माणसंही चांगली, मग दोघांचं एकत्र का जमत नाही? ते खेळातून तपासायचं असं त्यांनी ठरवलं होतं.

"चूक व्हायचीच असेल तर ती खेळात होऊ दे, गावात नको," ते म्हणायचे. हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. आजही आवडतं.

खेळ असा होता. एका मोठ्या मांजरपाटावर रंगाने गाव काढलेलं होतं. मधोमध पंप, भोवती घरं, कोपऱ्यात तालुक्याची कचेरी. पाणी म्हणजे चिंचोके. एक चिंचोका म्हणजे एक घागर. आठ जण खेळायला बसायचे. कोण कुठल्या घरचा आणि गावचा प्रमुख कोण, हे चिठ्ठ्या टाकून ठरायचं. एक डाव म्हणजे एक आठवडा. प्रत्येक डावाला एक पत्ता उचलायचा. त्यावर लिहिलेलं असे: पंप नीट चालला, किंवा आतला चामड्याचा वायसर झिजला, किंवा दांडा तुटला. पंप मोडला की प्रमुखाने कचेरीला कार्ड टाकायचं आणि मग फासा फेकायचा. सहा पडले तरच मेकॅनिक येणार. तोवर चिंचोके बंद. तीन डाव ज्याच्या घरी चिंचोका नाही, त्याच्यापुढे एक चिठ्ठी ठेवायची: 'गाव सोडलं.'

बाजाराच्या दिवशी खडीच्या कामाला सुट्टी असे. त्या दिवशी दुपारी शाळेच्या पडवीत पुरुष खेळायला बसत. ते मन लावून खेळत, चिंचोक्यांवरून वाद घालत, फाशाला नमस्कार करत. मी बाजूला बसून प्रत्येक चाल वहीत उतरवायची. पाच वेळा खेळ झाला आणि पाचही वेळा खेळातल्या दहाव्या-बाराव्या आठवड्याला पंप बंद पडून अर्धं गाव उठलं. सरांनी आपल्या टिपणात लिहिलं, लोक यंत्राची जबाबदारी स्वतःकडे घेत नाहीत, कचेरीची वाट बघत राहतात.

ते वाचताना मला काहीतरी टोचलं. काय टोचतंय ते मात्र सांगता येईना.

मी आल्यापासून सहाव्या आठवड्यात गावातला खरा पंप बंद पडला. मारुतीच्या देवळासमोर तो बसवलेला होता. दांडा सैल हलायचा, खाली-वर, खाली-वर, आणि पाण्याचा थेंब नाही. सरपंचांनी कार्ड टाकलं. आठ दिवसांनी दुसरं टाकलं. बायका दीड कोसावरच्या एका विहिरीवर जायला लागल्या. तिचा तळ दिसत होता आणि वाटीने घागर भरावी लागे. बौद्ध वस्तीतल्या बायकांचा नंबर तिथेही शेवटी लागायचा, जसा तो पंपावर लागायचा. पंप सरकारी होता, कुणी कुणाला अडवायचं नाही असा कायदा होता. कायदा मोडावाही लागत नसे. 'जरा थांब' एवढं म्हटलं की पुरे होई.

त्या वस्तीतल्या कौसाबाईंना मी पहिल्यांदा त्या बंद पंपापाशीच पाहिलं. पस्तिशीच्या असतील. उंच, हातांना खडीचे घट्टे, कपाळ मोकळं. त्या दांडा हलवत होत्या आणि नळीला कान लावून ऐकत होत्या.

"काय ऐकताय?" मी विचारलं.

"वायसर गेलाय," त्या म्हणाल्या. "आतली दांडी येती-जाती, पन पानी धरीत न्हाई. धाव्या नळीच्या खाली असतंय ते."

"तुम्हाला कसं माहीत?"

"पंप बशिवला त्या दिशी सुट्टी हुती. सक्काळपासनं बघत हुते मी इथं. धा नळ्या, आत धा दांड्या, खाली पितळेचं नळकांडं, त्यात चामड्याच्या दोन वाट्या. कुनी इचारलं न्हाई म्हनून सांगितलं न्हाई."

मी सरांकडे गेले आणि म्हटलं, एकदा बायकांना खेळू द्या. पाणी त्याच भरतात.

सर म्हणाले, "त्यांना पत्ते वाचता येणार नाहीत."

"मी वाचून दाखवीन."

ते त्या आठवड्यात पुण्याला जाणार होते. "खेळवा," ते म्हणाले, "पण नियम बदलायचा नाही. नाहीतर आधीच्या डावांशी तुलना करता येणार नाही."

बाजाराच्या दिवशी आठ बायका पडवीत बसल्या. त्यांत पाटलांच्या घरच्या सोनाबाई होत्या, गावातल्या मानाच्या. कौसाबाई वस्तीतल्या आणखी एकीला घेऊन आल्या आणि जरा अंतर ठेवून बसल्या. चिठ्ठ्या टाकल्या. प्रमुखाची चिठ्ठी कौसाबाईंना आली. वेशीबाहेरचं शेवटचं घर सोनाबाईंना आलं. 

दोन आठवडे पंप नीट चालला. कौसाबाईंनी चिंचोके वाटले, जवळच्या घरापासून. सोनाबाईंचं घर शेवटी, त्यांच्या वाट्याला काही उरेना. दुसऱ्या डावाला त्या म्हणाल्या, "माझं काय?"

"जरा थांबा, पाटलीनबाई," कौसाबाई शांतपणे म्हणाल्या.

सोनाबाईंचा चेहरा लाल झाला. हातातली चिठ्ठी त्यांनी मांजरपाटावर टाकली. "असला कसला खेळ हा," म्हणाल्या आणि पदर सावरून निघून गेल्या. वहीत काय लिहायचं ते मला कळेना. 'खेळाडू उठून गेली' एवढं लिहिलं आणि त्यांच्या जागी मास्तरांच्या बायकोला बसवलं.

तिसऱ्या डावाला मोडतोडीचा पत्ता निघाला. मी वाचला: वायसर झिजला, पंप बंद. मी फासा कौसाबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो खाली ठेवला.

"मी उघडते," त्या म्हणाल्या.

"तसं खेळात नाही. कार्ड टाकायचं आणि फासा फेकायचा."

"का? पंप माह्या दारात, पान्हा घिऊन मी उघडते."

"नियमात बसत नाही, कौसाबाई."

"कुनी लिवलाय ह्यो नियम?"

"सरांनी."

"सर पानी भरत्यात का हितलं?"

बायका हसल्या. पण माझ्या मनात टोचत होतं ते त्या क्षणी लख्ख झालं. ज्या खेळात पंपाला हात लावायची सोयच ठेवलेली नाही, त्या खेळातून लोक पंपाला हात लावत नाहीत हे शोधून काढायला पुण्याहून कशाला यायला हवं होतं? पुरुष पाचही वेळा नियम पाळून हरले होते आणि आम्ही त्यालाच त्यांचा स्वभाव म्हणत होतो.

मी फासा उचलून पिशवीत टाकला. "उघडा," मी म्हटलं. "कसा उघडाल ते सांगा. मी लिहिते."

तो दिवस मी विसरणार नाही. मांजरपाटावरचा पंप त्या बायकांनी शब्दांनी उघडला. धा नळ्या वर ओढायच्या तर किती जणी लागतील? दोर कुणाकडे आहे? वर आलेली नळी सुटून परत भोकात पडली तर? मग तिला धरायला चिमटा हवा. नवं चामडं कुठून आणायचं? तीन वेळा त्या खेळात चुकल्या. एकदा सगळ्या नळ्या भोकात पडल्या, एकदा दोर पुरला नाही, एकदा दोघींनी एकाच वेळी हुकूम सोडला आणि हातांची गडबड झाली. मग ठरलं की एकीनेच बोलायचं. ती कोण, यावर कुणाचं दुमत झालं नाही. आपण कशाचा सराव करतोय, हे मला वाटतं तेव्हा आम्हा सगळ्यांना कळलेलं होतं.

कौसाबाईंचा भाऊ एका शुगर फॅक्टरीत फिटरच्या हाताखाली होता. तो सुट्टीला येताना साहेबाला विचारून दोन मोठे पान्हे आणि नळी धरायचा लोखंडी चिमटा घेऊन आला. देवळासमोरच्या पंपावर तीन वासे बांधून त्यांवर विहिरीचा जुना रहाट टांगला. चामड्याचं मात्र अडलं. आणि तेव्हा सोनाबाई आल्या. काखेत मोटेच्या चामड्याचा एक तुकडा होता. त्यांच्या आता आटलेल्या विहिरीवर इंजिन बसल्यापासून मोट गोठ्यात पडून होती.

"हे चालंल का बघ," त्या कौसाबाईंना म्हणाल्या. मागच्या बाजाराच्या दिवसाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

कौसाबाईंनी चामडं वाकवून पाहिलं. "चालंल. रातभर करडीच्या तेलात ठिवा," त्या म्हणाल्या.

सकाळी सहाला सुरुवात झाली. कौसाबाई धरून आम्ही चौदा जणी होतो, मीही दोराला होते. कौसाबाई पंपाशी उभ्या राहून एकेक शब्द बोलत. ओढा. थांबा. धरा. नळ्या गार, गंजलेल्या आणि आत पाणी असल्याने जड होत्या. एकेक वर येई तसा ओल्या लोखंडाचा वास सुटे. पुरुष देवळाच्या ओट्यावर बसून बघत होते. एक म्हातारा म्हणाला, "सरकारचा पंप हाय, आत ढकलतील तुमाला." कुणी मान वळवली नाही. पाचव्या नळीला माझ्या तळहाताची साल निघाली. सातवीला दोन पुरुष ओट्यावरून उतरून दोराला लागले. दहावी नळी आली, तिच्याखाली पितळेचं नळकांडं, आणि आतला वायसर कागदासारखा पातळ, एका बाजूने फाटलेला.

दुपारी दोन वाजता सगळं परत खाली गेलं. दांडा धरायला कौसाबाई पुढे झाल्या. वीस वेळा हवा आली. पंचवीस वेळा. मग नळीच्या आत काहीतरी वर चढत असल्याचा आवाज आला आणि गढूळ, तेलकट पाणी भसकन् दगडावर पडलं. कौसाबाईंनी आपली घागर खाली लावली. पहिली घागर त्यांची भरली. 'जरा थांब' असं त्या दिवशी कुणी म्हणालं नाही. पुढे कधीच कुणी म्हणालं नाही असं मात्र मी लिहीत नाही, कारण ते खरं नाही. पण जो तसं म्हणे, त्याला ज्या हाताने पंप सुरू झाला तो हात समोर दिसत असे.

चार दिवसांनी तालुक्याहून अधिकारी आले, जीपमधून. पंप चालू असलेला बघून त्यांना आनंद झाला नाही.

"ही सरकारी मालमत्ता आहे. विनापरवाना खोललीत. गुन्हा होतो हा," ते म्हणाले.

"पंप चालू हाय का बंद?" कौसाबाईंनी विचारलं.

"तो प्रश्न नाही."

"आमचा त्योच प्रश्न हाय, साहेब."

"कोणी खोलला? नावं सांगा."

"लिवा. कौसाबाई. पयलं माझंच घाला."

सोनाबाई मागून पुढे आल्या. "दुसरं माझं," त्या म्हणाल्या. मग तिसरी, मग चौथी. मी माझंही सांगितलं, शिक्षणासकट. चौदा बायकांची नावं लिहून अधिकाऱ्यांनी वही मिटली, टोपी काढून घाम पुसला आणि ते पंपावर पाणी प्यायले. गुन्हा काही नोंदला गेला नाही. पाणी पिऊन झाल्यावर तो नोंदणं त्यांनाही अवघड गेलं असावं.

सर पुण्याहून परतले. मी त्यांना वही दिली. ते रात्रीपर्यंत थांबले नाहीत, त्यांनी ती माझ्यासमोर बसूनच वाचली. पंपाचं पाणी त्यांनी आधीच पाहिलं होतं आणि मनापासून कौतुकही केलं होतं. पण वहीचं वेगळं होतं.

"हा डाव धरता येणार नाही," ते म्हणाले. "नियम मोडलाय."

"नियमच चुकीचा होता, सर. तो मोडला तेव्हाच कळलं की पंप का बंद पडतात."

"भावनेच्या भरात बोलू नका. अभ्यासाला शिस्त लागते."

"मी गणित शिकलेय. उत्तर आधीच मांडून ठेवलेल्या उदाहरणाला शिस्त म्हणत नाहीत."

  अहवालात त्यांनी त्या दुपारची एक ओळ शेवटी घातली: एका गटाला नियम नीट समजले नाहीत. खाली नोंदी लिहिणारीने सही करायची होती. मी केली नाही. सर म्हणाले, विचार करा, पुढे नोकरी आहे, पुणं आहे. मी म्हटलं, त्यांना नियम समजले होते, सर. समजले म्हणूनच त्यांनी ते मोडले. दुसऱ्या दिवशी मी ट्रंक घेऊन पारनेरच्या एस.टी.ची वाट बघत उभी होते. हातात नोकरी नव्हती, तळहाताला सोलवटल्याची खपली होती, आणि मला इतकं हलकं त्यापूर्वी कधी वाटलं नव्हतं.

मी पुढे नगरला शिक्षिका झाले. खेळ मात्र सोडला नाही. वर्गात मुलांना दुकानाचे, धरणाचे, एस.टी.च्या वेळापत्रकाचे खेळ करून देत असे. अट एकच: नियम चुकीचा वाटला तर हात वर करायचा आणि का ते सांगायचं. काही सहकाऱ्यांना यामुळे वर्ग बिघडतो असं वाटे. बिघडू दिला. आता मोठमोठ्या कंपन्या माणसं आणि यंत्रं एकत्र कशी वागतील ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर खेळून बघतात म्हणे. बघावं. त्या पडद्यावर कुणाच्या हातात पान्हा द्यायचाच नाही असं आधी ठरलंय का, एवढं कुणीतरी विचारत राहावं.

त्या गावाला मी काही वर्षांनी परत गेले. गावात आता तीन पंप होते आणि तिन्ही चालू होते. मधल्या काळात कचेरीने धोरण बदललं होतं. गावातल्याच एका माणसाला शिकवून पान्हे सोपवायचे होते. कुणाचं नाव द्यायचं, असं विचारल्यावर गावाने कौसाबाईंचं दिलं होतं. त्यांनी मला भिंतीवर खिळ्याला अडकवलेलं प्रमाणपत्र दाखवलं. काच नव्हती, कागद पिवळा पडत चालला होता. मी वाचलं. शिक्का बरोबर, गाव बरोबर, आणि नावाआधी छापलेलं 'श्री.' तसंच ठेवलेलं. पंप दुरुस्त करणारी बाई असेल असं छापणाऱ्याच्या मनातच आलं नव्हतं.

"कौसाबाई, हे 'श्री.' चुकलंय. मी अर्ज लिहून देते, दुरुस्त करून देतील," मी म्हटलं.

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि परत खिळ्याला अडकवला.

"ऱ्हाऊ द्या बाई," त्या म्हणाल्या. "त्यांच्याकडं दुरुस्तीला दिला, तर 'श्री.' ठिवतील आन् मलाच काढतील."

मग त्यांनी कोपऱ्यातला पान्हा उचलला आणि मला घेऊन खालच्या पंपाकडे निघाल्या. तिथे एक दांडा कुरकुरायला लागला होता.